आजीची एक कॉलर

४ जानेवारी

माझ्या ठकीस,

पत्राच्या डोक्यावर आशीर्वादाचं जे काय लिहायचं असतं ते लिहिलंय असं समज. माझी शाळा तिसरीत सुटली. तेवढं लिहीपर्यंत हात भरून येतो आणि मुद्द्याचं राहून जातं.

तुझं पत्र सूनबाईनं वाचून दाखवलं, मग मी स्वतः वाचलं, मग खालच्या इस्त्रीवाल्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "आजी, हे कालच वाचून दाखवलंत." मी म्हटलं, ऐक अजून एकदा, तुझं काय जातंय! आमची ठकी मास्तरीण झाली. दवाखान्यात इंजेक्शनं टोचणारी पोर आता एक आड एक असे चार बुधवार बायकांना बाळंतपण शिकवणार. मला आधी हसूच आलं. बाळंतपण शिकायचं म्हणजे काय, ते पोहण्यासारखं, ढकलून दिलं की येतं असं आम्ही समजायचो. पण बरं करतेस. ढकललेल्या सगळ्याच काही वर आल्या नाहीत, ते मला माहीत आहे.

आता ऐक. बायकांना बाकावर बसवू नको, पाठीची खुर्ची दे. आधी चहा, मग ज्ञान. आणि माना डोलावतील त्यांच्यावर विश्वास ठेवू नको. मी कारखान्यात तीस वर्षं मान डोलावली. मुकादम काय बोलायचा ते मला फार तर बारा वर्षांचं कळलं असेल. ज्या बाईला कळतं ती उलट विचारते.

किती जणी येतात, कशा दिसतात, कोण काय बोललं, सगळं लिही. तुझ्या मामाला गुडघ्याचं तेल आणायला सांगितलंय तर तो विसरतो. ते जाऊ दे.

तुझी आजी

१२ जानेवारी

प्रिय आजी,

पहिला बुधवार झाला. अकरा जणी आल्या. सगळ्या दवाखान्यामागच्या गल्लीतल्या. शर्टाच्या कारखान्यात शिवतात, नाहीतर तिथलं काम घरी आणतात. वर्गाला मिळालेली खोली पूर्वी बँडेजची होती. तळमजल्यावर, फाटकाला लागून. अजून स्पिरिटचा वास येतो.

मी फळ्यावर आकृती काढली. गर्भपिशवीचं तोंड किती सेंटिमीटर उघडतं ते सांगितलं. ज्यांची दुसरी खेप आहे त्यांनी दहा-दहा मिनिटांनी कळा यायला लागल्या की लगेच निघायचं, हेही सांगितलं. अकराच्या अकरा जणींनी माना डोलावल्या. मला तुझं पत्र आठवलं, म्हणून विचारलं, "घरी घड्याळ आहे का?" आठ जणी नाही म्हणाल्या. तिघी म्हणाल्या, आहे, पण बंद आहे. त्यातली एक म्हणाली, "घड्याळाचं काय घेऊन बसलात सिस्टर? कारखान्यातलं घड्याळ मुकादम जेवणाच्या सुट्टीत पुढे सरकवतो आणि सुटायच्या वेळी मागे. ज्याच्या हातात किल्ली, त्याची वेळ."

तिला सगळ्या विमान म्हणतात. भराभर बोलते, भराभर चालते. वर्ग सुटल्यावर ती मागे राहिली. खुर्च्या एकात एक घालत तिनं सांगितलं की दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या मजल्यावरून उतरताना जिन्यातच झालं. निघायला उशीर झाला होता. दवाखान्यात पोचायच्या आत बाळ गेलं. हे सांगताना तिचे हात थांबले नाहीत. मग म्हणाली, "या खेपेला मला पलंग पाहिजे. श्वास-बिस तुमचं मी बघून घेईन. कधी निघायचं तेवढं सांगा."

मी परत दहा मिनिटं सांगितली. तिनं परत मान डोलावली. तिची तारीख फेब्रुवारीच्या मध्यावर आहे. आजी, घड्याळाशिवाय दहा मिनिटं कशी सांगायची?

तुझी ठकी

१७ जानेवारी

माझ्या ठकीस,

अगं, कॉलरी शिवणाऱ्या बायकांना मिनिटं कसली सांगतेस? त्यांना कॉलर सांग.

तुझ्या आईच्या वेळची गोष्ट तुला शंभरदा सांगितली, एकशे एकाव्यांदा ऐक. कळा सुरू झाल्या तेव्हा मी मशीनवर होते. पहिली कळ येऊन गेली, मी कॉलर घेतली. कॅनव्हास लावला, टीप मारली, उलटवली, टोकं काढली, वरची टीप मारली, पट्टी जोडली. झाली कॉलर, आणि मग आली कळ. दुसरी घेतली, तीही झाली, मग आली. तिसरी उलटवतेय तोच कळ! मी कात्री ठेवली आणि उठले. मुकादम म्हणाला, कुठं निघालात, मी म्हटलं, माणूस आणायला. दवाखान्यात नर्स म्हणाली, अगदी वेळेवर आलात बाई. चहासुद्धा दिला त्यांनी. पातळ होता, पण दिला.

तर तू असं शिकव. कळ गेली की कॉलर हातात घ्यायची. ती पुरी व्हायच्या आत दुसरी कळ आली की मशीन बंद, पिशवी उचल, चालायला लाग. चांगल्या हाताला एका कॉलरला दहा मिनिटं लागतात, म्हणजे तुझी तीच दहा मिनिटं. माझा हात कसा होता हे तुला काय सांगायचं, दुसऱ्या खात्यातली माणसं बघायला यायची.

आणि त्या सेंटिमीटरचं काय करतेस? ते शाळेतल्या पट्टीवर असतात, तिथंच राहू देत. सोबत पार्सल पाठवतेय. कापडाची बाहुली आहे, आणि तंग गळ्याचा लहान स्वेटर. बाहुली स्वेटरमध्ये घालायची आणि डोकं गळ्यातून हळूहळू बाहेर काढायचं. गळा आधी जाड असतो, मग ताणून पातळ होतो, मग उघडतो. पोरांचे स्वेटर काढून काढून प्रत्येक बाईचे हात दुखलेत, एका फटक्यात कळेल. बाहुलीचं नाक वाकडं झालंय. मुद्दाम केलंय असं सांग. सगळीच पोरं पहिल्या दिवशी तशी दिसतात. तू तर भोपळ्यासारखी दिसत होतीस.

तुझी आजी

२५ जानेवारी

प्रिय आजी,

पार्सल पोचलं. दोन्ही गोष्टी चालल्या.

स्वेटर मी नुसता टेबलावर ठेवला होता. एकीनं उचलला आणि दुसरीला म्हणाली, "हे तर डोकं अडकल्यावर रडतं ते." पुढचं मला फार शिकवावंच लागलं नाही. "घाईनं ओढलं की कान दुखतात", "श्वास सोडताना ओढलं की सैल पडतं", हे त्यांनीच मला सांगितलं. पहिल्यांदाच प्रश्नही आले. डॉक्टर ओरडले तर काय करायचं? सोबत नणंद आली तर तिला बाहेर बसवता येतं का?

कॉलरीचं सांगितलं तेव्हा तर खोली एकदम जागी झाली. सगळ्यांना लगेच कळलं. एकीनं तर खुर्चीवरच हातानं कॉलर शिवून दाखवली, कळ आल्यासारखा चेहरा केला आणि पिशवी उचलून निघाली. एक कॉलर म्हणजे दहा मिनिटं असं मी म्हटलं तेव्हा मात्र सगळ्या हसल्या. सोपं वाटलं म्हणून हसल्या असाव्यात. विमान सगळ्यात मोठ्यानं हसली. जाताना म्हणाली, "आता कळलं सिस्टर. कॉलर व्हायच्या आत कळ. मी चुकायची नाही."

मेट्रनबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या बोलत नाहीत म्हणजे बरं आहे.

तुझी ठकी

३० जानेवारी

माझ्या ठकीस,

इस्त्रीवाल्यानं या खेपेला स्वतःहून विचारलं, "आजी, पत्र आलं का?" बाहुलीचं ऐकून तो इतका हसला की कुणाची तरी बाही करपली. तुझ्या मामानं तेल आणलं, पण ते गुडघ्याचं नाही, मशीनचं निघालं. मी म्हटलं, राहू दे, दोन्ही कुरकुरतात.

मला किती बरं वाटलं ते लिहिता येत नाही. माझ्या कॉलरी कुठं गेल्या असतील, कुणी घातल्या असतील, फाटून कुठल्या केरात गेल्या असतील. त्या एवढ्या वर्षांनी वर्गात उपयोगी पडल्या.

त्या हसल्या का, ते मात्र मला समजलं नाही. म्हणजे, हसतात बायका. पोटुशी असलं की हसू लवकर येतं. त्या विमानला विचार, कारखान्यात काय करते? बटणं लावत असेल तर गोष्ट वेगळी. आणि तिला सांग, आजीनं सांगितलंय, थोडं लवकरच निघ. कॉलरीची वाट फार बघत बसू नको. का ते विचारू नको, सांग. म्हाताऱ्या माणसाचं एखादं वाक्य बिनकारणी ऐकावं.

सूनबाई पत्र टाकायला निघालीय, पुरे करते.

तुझी आजी

१८ फेब्रुवारी

प्रिय आजी,

काल विमान बाळंत झाली. मुलगी आहे. दोघी ठीक आहेत. वॉर्डात गर्दी आहे, बाकी सवडीनं लिहीन.

तुझी ठकी

२२ फेब्रुवारी

माझ्या ठकीस,

मुलगी झाली! सगळ्या जिन्याला सांगून आले. इस्त्रीवाला म्हणाला, आता पेढे नाहीतर निदान चहा. मी चहा पाजला.

मग वर येऊन पत्र परत वाचलं. चारच वाक्यं. ठके, तू सहा वर्षांची असताना माझी बशी फोडलीस आणि दिवसभर शहाण्यासारखी वागलीस. तशी ही वाक्यं आहेत. पलंगाचं एक अक्षर नाही. ती पोचली का वेळेवर? पलंगावर झालं का? आणि माझा निरोप तिला सांगितलास का? जे असेल ते लिही. मी बसूनच वाचते, पडायची नाही.

एक विचारते. किती कॉलरी झाल्या तिच्या?

तुझी आजी

१ मार्च

प्रिय आजी,

पलंगावर झालं नाही. घडलं तसं सांगते.

तुझा निरोप मी सांगायला हवा होता. तिसऱ्या बुधवारी ती आलीच नाही, कारखान्यात माल निघायचा होता. घरी जाऊन सांगेन म्हटलं आणि राहून गेलं. ती चूक माझी.

सतरा तारखेला सकाळी कळा सुरू झाल्या. ती घरी मशीनवर बसली. आपण शिकवलं तसंच केलं. कळ गेली की कॉलर घ्यायची, कॉलर झाली की हात मांडीवर ठेवून पुढच्या कळेची वाट बघायची. कॉलर होऊनही कळ येत नाही म्हणजे अजून खूप वेळ आहे, असं ती धरून चालली. शेजारीण दोनदा म्हणाली, चल. ती म्हणाली, "सिस्टरनी सांगितलंय, मध्येच उठायचं नाही." एकवीस कॉलरी झाल्या. बाविसावी उलटवताना कळ आली. मग ती उठली. तीन मजले उतरली, गल्ली चालली, आणि फाटकाच्या आत आल्यावर तिला पुढे टाकायला पाऊल उरलं नाही.

दुपारचे दोन वाजले होते. मी वर्गात खुर्च्या मांडत होते. शेजारणीची हाक आली. मी तिला आत घेतलं आणि आपल्या सरावाच्या चटईवर झोपवलं. दोन कळांत बाळ आलं. गळ्याभोवती नाळ होती. रंग निळा, आवाज नाही. नाळ सोडवली, तोंड साफ केलं, पाठ चोळली. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते, सवयीनं. दीड मिनिट झालं आणि रडली. तोवर विमान एकच वाक्य बोलत होती. "मी मोजलं होतं सिस्टर. मी बरोबर मोजलं होतं."

संध्याकाळी वॉर्डात मी तिला विचारलं, तुझी एक कॉलर किती वेळात होते? तिला माहीत नव्हतं. हवेतच शिवायला सांगितली. माझ्या घड्याळात चार मिनिटं झाली. मग तिच्या शेजारणीला विचारलं. तिची पाच. वर्गातल्या बाकीच्यांना विचारत गेले. पाच, साडेपाच, सहा. दहा कुणाचीच नाही. दहा मिनिटं म्हटल्यावर त्या का हसल्या ते मला आत्ता कळलं. विमान हे नाव बोलण्यावरून पडलेलं नाही, हेही.

मेट्रनबाईंनी विचारलं, हे कॉलरीचं कुठल्या पुस्तकात आहे? मी म्हटलं, आजीनं सांगितलं. त्या म्हणाल्या, आजीला परत विचार.

म्हणून विचारते. चांगल्या हाताला दहा मिनिटं लागतात, हे तू कशावरून लिहिलंस? विमान रागावलेली नाही. ती एवढंच म्हणाली, "आजींना विचारा, त्या दिवसाला किती कॉलरी काढायच्या?"

तुझी ठकी

६ मार्च

माझ्या ठकीस,

या पत्राला आठ दिवस लागले असते, पण मग धीर सुटला असता. म्हणून आजच लिहितेय. इस्त्रीवाल्याला वाचून दाखवलेलं नाही.

चांगल्या हाताला दहा मिनिटं लागत नाहीत. पाच लागतात, फार तर सहा. दहा मला लागायची. कारखान्यात मला गोगलगाय म्हणत. दुसऱ्या खात्यातली माणसं बघायला यायची हे खरं आहे, पण ती हसायला यायची. मुकादम त्यांना म्हणायचा, "बघा, या बाईंनी कॉलर हातात घेतली तेव्हा हिवाळा होता." टीप सरळ यायची म्हणून काढलं नाही मला, परदेशी जाणाऱ्या मालावर बसवायचे. माझी कॉलर कधी परत आली नाही. पण दिवसाला किती निघायच्या ते विमानला सांगू नको. नाही, सांग. चाळीस. तिच्या शंभर होत असतील.

तुझी आई पोटात असताना मी काही मोजलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीला अर्धा तास असताना मुकादमानं सांगितलं होतं, एवढ्या तीन कॉलरी जेवणाआधी झाल्याच पाहिजेत. म्हणून कळा सोसत शिवत होते. तिसरी होईना, कळा वरचेवर यायला लागल्या, आणि मला रडू आलं. कॉलर होत नाही म्हणून आलं, कळेचं नव्हे. हातातलं टाकून उठले. "माणूस आणायला चालले" असं काही म्हणाले नाही. ते नंतर घरी येऊन सुचलं. वेळेवर पोचले ते हात संथ म्हणून. विमानसारखा हात असता तर तुझी आई जिन्यात झाली असती, आणि तू कुठून आली असतीस?

तुझ्या आईला सांगताना गोष्ट जरा चांगली केली. मग तुला सांगताना अजून चांगली केली. शंभर वेळा सांगितली की आपल्यालाच खरी वाटते. तू लिहिलंस ना, त्या हसल्या म्हणून, तेव्हा का ते मला कळलं होतं. तेव्हाच कबूल केलं असतं तर तू धावत गेली असतीस. मी मात्र "का ते विचारू नको" असं लिहून बसले, नातीपुढं गोगलगाय व्हायचं नव्हतं म्हणून. तुझी चूक अर्धी. माझी पुरी.

आता असं कर. कॉलर टाकू नको, कॉलर बरोबर आहे. कुणाची कॉलर, ते चुकलं. दवाखान्यात पडून असलेलं मशीन असेलच, चादरी शिवायचं. ते वर्गात आण. पहिल्याच दिवशी प्रत्येकीला एकेक कॉलर शिवायला लाव आणि तू घड्याळ धर. किल्ली तुझ्या हातात ठेव.

सोबत एक फ्रॉक आहे, त्या छोटीसाठी. कॉलरवाला. काल तुझ्या मामाला घड्याळ घेऊन समोर बसवलं आणि कॉलर शिवली. एकोणीस मिनिटं लागली. तो मध्ये दोनदा पेंगला. तरी टीप बघ, सरळ आहे.

तुझी आजी

२४ एप्रिल

प्रिय आजी,

नवा वर्ग सुरू झाला, आज तिसरा बुधवार. तेरा जणी आहेत. मशीन मिळालं, मेट्रनबाईंनी स्वतः तेल घातलं. पुस्तकाबद्दल परत विचारलं नाही.

तू म्हणालीस तसं सगळ्यांच्या कॉलरीची वेळ घेतली. पण मिनिटं कार्डावर लिहायला लागले तेव्हा विमान मध्ये पडली. हो, ती आली होती, मुलीला घेऊन. फ्रॉक घातला होता. मोठा होतो, पण कॉलर मानेवर नीट बसते. ती म्हणाली, "परत मिनिटं कशाला सिस्टर? आजींची लिहा." तिनं फळ्यावर स्वतःच लिहिलं, माझ्या अडीच म्हणजे आजींची एक. मग एकेकीचं ठरलं. कुणाच्या दोन, कुणाच्या पावणेदोन. प्रत्येकीच्या कार्डावर तेवढंच आहे. आजींची एक पुरी व्हायच्या आत कळ आली की निघायचं.

शेवटी एक नवी मुलगी राहिली होती. वेळ द्यायला तयार नव्हती. मशीनवर बसली ती खाली मान घालूनच. पुरे दहा मिनिटं लागली. ती हळूच म्हणाली, "माझी एकाला एकच."

विमाननं आपली मुलगी उचलून तिच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "मग तुला काय भीती? तू पलंगावरच जाशील."

तुझी ठकी